करपली म्हणजे पुस्तक चांगलं

जगात आमच्या व्याह्यांसारखा दुसरा व्याही नसेल, आणि नसलेलाच बरा, असं माझं ठाम मत लेकीच्या लग्नाच्या बैठकीतच झालं होतं. व्याही कसा असावा हे आमच्या बारामती भागात ठरलेलं आहे. त्यानं खुर्चीत ताठ बसावं, चहाला एकदा नको म्हणावं, फेट्याच्या रंगावरून थोडं रुसावं आणि जेवायला उठताना चारदा आग्रह करून घ्यावा. हा रुसवा काढता यावा म्हणून मी माळेगावातून दोन वजनदार माणसं बरोबर घेऊन इंदापूरला गेलो होतो. तर व्याही बाहेर आले ते हातात पितळी ताट घेऊन, कपाळाला मैदा लागलेला, आणि रामराम व्हायच्या आत म्हणाले, "आधी खावा. गरम हाय तवर खावा. मानपानाचं मागनं बघू." ताटात नानकटाई होती आणि तिच्या कडा चक्क काळ्या होत्या. सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यांपुढे करपलेली नानकटाई! माझी वजनदार माणसं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. व्याही मात्र हसून म्हणाले, "जरा करपलीय. पुस्तकच तसं निघालं, काय करता!" ह्या बोलण्याचा शेंडा कुठला आणि बुडखा कुठला, मला काही कळेना. मुलगा सोन्यासारखा होता म्हणून मी गप्प बसलो आणि सुपारी फुटली.

अर्थ कळला तो लग्नानंतर, त्यांच्या दुकानात पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा. इंदापूरच्या पेठेत व्याह्यांचं पुस्तकांचं दुकान. पुढं वह्या, गाइडं, कंपासपेट्या, म्हणजे चारचौघांच्या दुकानासारखंच. मागं कथा-कादंबऱ्यांची मांडणी, खाली एक सतरंजी, आणि त्याच्याही मागं, जिथं कुठल्याही शहाण्या दुकानदारानं देवाचा फोटो लावला असता तिथं विजेचा ओव्हन! मी चौकटीतच थांबलो. कागदाच्या ढिगात हा माणूस भट्टी पेटवून बसला होता. विचारलं तर कळलं की हे सगळं एका ट्रेच्या अदलाबदलीवरून झालं. आमच्याकडे दिवाळीआधी घरचं तूप, रवा, साखर घेऊन बेकरीवर जायचं, आपल्या नानकटाईच्या ट्रेवर नावाची चिठ्ठी लावायची आणि बेकरीवाल्याच्या भट्टीतून भाजून आणायची, अशी रीत आहे. विहीणबाई हयात असताना एका दिवाळीला चिठ्ठी उडाली आणि त्यांच्या साजूक तुपाचा ट्रे दुसऱ्याच घरी गेला. ह्यांच्या वाट्याला डालड्याचा आला. दुसरा कोणी असता तर भांडला असता. आमचे व्याही सरळ पुण्याला गेले आणि ओव्हन घेऊन आले. घरात जागा नव्हती, म्हणून तो दुकानात बसला.

बरं, बसला तर बसला, पण भाजायची तरी काही पद्धत? घड्याळावर ह्यांचा विश्वास नाही. ट्रे आत सरकवला की नवं आलेलं पुस्तक उघडायचं आणि वाचायला लागायचं. बारीक टायपाचं असेल तर सहा पानं, मोठ्या टायपाचं असेल तर दहा, की नानकटाई तयार. पुस्तक रटाळ असलं तर व्याही दर पानाला मान वर करून बघणार आणि नानकटाई बदामी रंगाची, एकसारखी, देखणी निघणार. पुस्तक चांगलं निघालं की मात्र पानांचा हिशेब राहायचा बाजूला आणि धूर यायचा पेठेपर्यंत. मग व्याही त्या घाण्यातली एक काळीकुट्ट नानकटाई उचलून त्या पुस्तकावर ठेवत आणि पुस्तक दर्शनी भागात मांडत. पेठेतल्या लोकांना ही खूण पाठ झालेली. दवाखान्यातल्या नर्सबाई, शाळेतले गुरुजी, सणसरहून बाजाराला आलेला ऊसवाला, जो तो पायरीवरूनच विचारणार, "तात्या, आज काय करपलं का?" करपलं असलं की ते पुस्तक संध्याकाळपर्यंत शिल्लक राहत नसे. देखण्या नानकटाईबरोबरची पुस्तकं वर्षानुवर्षं धूळ खात. असला धंदा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यातून हा मनुष्य गरम ट्रे बाहेर काढतो कशानं धरून, तर लग्नात मी आहेर केलेल्या मानाच्या टॉवेलानं! "लई जाड कापड हाय, पाव्हणं," व्याही कौतुकानं म्हणाले, "हाताला चटका म्हणून लागत न्हाय."

एकदा माझ्यासमोर मंडळाची चार पोरं दुकानात आली. चौकात त्यांच्या दादाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागलेले, त्यांवर दादा मोबाइल कानाला लावून उभा. पोरांना ह्यांच्या ओव्हनमधला पाच किलोचा केक हवा होता. व्याह्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एकच प्रश्न विचारला, "खाणार का फासणार?"

पोरं एकमेकांकडे बघून हसली. "तात्या, थोडा खाणार, थोडा दादाच्या तोंडाला लावनार. तलवारीनं कापनार हाय."

"मग समोरनं दाढीचा साबण न्या. फेस जास्त येतोय," असं म्हणून व्याही पुन्हा पुस्तकात शिरले. गावात राहायचं आणि दादाच्या पोरांना असं बोलायचं! पण संध्याकाळी स्वतः दादाच आला, सतरंजीवर मांडी घालून त्यानं नानकटाई खाल्ली आणि जाताना करपलेल्या खुणेचं पुस्तक घेऊन गेला. ते त्यानं वाचलं की नाही, देव जाणे.

आता माझं सांगतो. लेक ज्या घरी दिली, त्या घरी तिला मूल होईपर्यंत बापानं पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, ही आमच्या घराण्याची रीत. माझ्या आजोबांनी पाळली, वडिलांनी पाळली, आणि आई जाताना मला बजावून गेली. त्यामुळे लेकीला भेटायला गेलो की मी स्वतःची पाण्याची बाटली घेऊन ओट्यावर बसायचो आणि ती उंबऱ्याच्या आत. व्याह्यांनी हे एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिसऱ्या खेपेला मला हाताला धरून दुकानात नेलं. "पाव्हणं, हे घर न्हाय. हे दुकान हाय. हितं गिऱ्हाईक खातं. तुमी गिऱ्हाईक व्हा." म्हणून दर खेपेला एक पुस्तक विकत घ्यायचं आणि मग नानकटाई खायची, असा तोडगा निघाला. ऊसदराच्या बातमीपलीकडे काही न वाचलेला मी, नानकटाईपायी घरात पुस्तकं साठवू लागलो, आणि साठली म्हणून वाचू लागलो. दिवाळीला कारखान्याची सभासदाची साखर मिळाली की त्यातली निम्मी मी इंदापूरला पोचवायचो. वर्षं गेली. लेकीच्या घरी पाळणा हलला नाही. त्याबद्दल त्या घरात कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही, आणि मी ओट्यावर बसत राहिलो.

गेल्या वर्षी एकदा गेलो तर नानकटाई बदामी, एकसारखी, देखणी. मी म्हटलं, पुस्तक रटाळ दिसतंय. पुढच्या खेपेला तशीच. त्याच्या पुढच्याही. पेठेतली माणसं पायरीवरून विचारत आणि व्याही मान हलवत. नर्सबाई तर म्हणाल्या, "तात्या, हल्ली कुणी चांगलं लिहीतच न्हाय का?" मग माझ्या लक्षात आलं की ओव्हनवर टिकटिक करणारं घंटीचं घड्याळ आलंय, आणि नव्या पुस्तकांचे गठ्ठे सुतळीसकट तसेच पडलेत. मी हबकलोच. ह्या माणसाच्या दुकानात घड्याळ!

"डोळ्याचा पडदा खराब झालाय, पाव्हणं," व्याही म्हणाले. "चष्म्यानं भागत न्हाय, आन् आपरेशन न्हाय म्हणत्यात. मानसं दिसत्यात. अक्षरं न्हाय दिसत."

काहीतरी धीर द्यायचा म्हणून म्हणालो, "मग त्यात काय? एक ट्रे मुद्दाम ठेवा जास्त येळ. कुणाला कळतंय?"

व्याह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवळातली घंटा चोरायला सुचवलं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना दिलेला हा एकमेव धक्का. "खोटं करपवू?" ते म्हणाले. "लोकं इस्वासानं नेत्यात हो. न वाचता कसं दिऊ? त्यापरीस मागची मांडणी काढून टाकतो. वह्या इकाव्या, गाइडं इकावी. त्येला डोळं लागत न्हाईत." आणि त्यांनी खरंच ठरवलं, महिनाअखेर कथा-कादंबऱ्या रद्दीवाल्याला घालायच्या. गरम ओव्हनजवळ एकट्यानं नको म्हणून जावयांनी स्वयंपाकघरात कशीबशी जागा करून ओव्हन घरी हलवला. दुपारी दुकानाचं शटर खाली दिसू लागलं. पेठेत तो वास येईना.

त्या महिन्यात मी दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला रद्दीसाठी ओट्यावर आणून ठेवलेल्या गठ्ठ्यातलं वरचंच एक पुस्तक ओढून घेतलं आणि ओटा ओलांडून थेट त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. लेक बघतच राहिली. व्याही ट्रे आत सरकवून घंटी लावत होते. मी म्हटलं, "मी वाचतो. तुमी ऐका." दोन भावांच्या सामाईक विहिरीची ती कादंबरी होती. पहिली पानं मी सोसायटीची नोटीस वाचावी तशी वाचली. व्याही कळवळून म्हणाले, "अवो, जरा दम घ्या, ती बाई रडतीया तितं." मी दम घेतला. धाकटा भाऊ रागानं दोर कापायला निघाला आणि थोरला खाली विहिरीत उतरलेला, तिथं आम्ही आलो आणि घंटी वाजली. मी म्हटलं, "थांबा, एवढं पान." ते म्हणाले, "कोन उठतंय!" मग आणखी एक पान झालं, आणि आणखी एक. लेक गच्चीवरनं कपडे टाकून धावत आली तेव्हा स्वयंपाकघरात धूर भरला होता आणि आम्ही दोघं खोकत होतो.

व्याह्यांनी नाक वर केलं. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "करपली!" ते ओरडले. "पाव्हणं, करपली! ठिवा ह्या पुस्तकावर एक. मांडणी ऱ्हाऊ द्या तशीच."

लेकीनं माझ्या आहेराच्या टॉवेलानं ट्रे काढला, ताटलीत नानकटाई ठेवली आणि सासऱ्यांपुढे सरकवली. माझ्यापुढे काही ठेवलं नाही. इतक्या वर्षांची सवय. मीच हात पुढं केला. "मला?"

ती थबकली. "आप्पा, हे दुकान न्हाय. घर हाय."

"माहीत हाय मला," मी म्हटलं. आणखीही पुष्कळ म्हणायचं होतं. आईला काय वाटेल ते वाटो, मला आता कशाची वाट बघायची नाही, तू आहेस तेवढं पुरे आहे, असं सगळं. त्याऐवजी मी करपलेली नानकटाई उचलली आणि खाल्ली. कडू होती. मी दुसरी घेतली. व्याही भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत बसले, त्या चष्म्याचा आता काही उपयोग नव्हता तरी.

आता बाजारच्या दिवशी मी जातो आणि दुपारभर वाचतो. त्यांचे डोळे काही सुधारणार नाहीत, आणि माझाही आवाज लवकर बसतो. पण मागची मांडणी अजून आहे.

त्या दिवशी मी नानकटाई खाल्ल्यावर लेक पाणी आणायला मागच्या खोलीतल्या माठाकडे गेली, ती बऱ्याच वेळानं आली. तांब्या माझ्या हातात देताना तिचे डोळे ओले होते. मी तो घटाघटा रिकामा केला. त्या घरचं पाणी जरा मचूळ आहे, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.