शून्य प्रेक्षकांची आतषबाजी

महामारीच्या पहिल्या वर्षी दसऱ्याची आतषबाजी प्रेक्षकांविना करण्याची योजना मी लिहिली, आणि ती फसण्याचे कारण तिच्याच तिसऱ्या परिच्छेदात मी स्वतःच्या हाताने घालून ठेवले होते. त्या वेळी मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन संशोधनासाठी बंगळूरला जाण्याच्या बेतात होते. प्रयोगशाळा बंद होती. तेव्हा अमरावतीत, राजापेठेतल्या आमच्या घरी बसून मी संसर्गाच्या प्रसाराची गणिते सोडवत असे आणि कोणी विचारलेले नसताना घरच्यांना त्यांची उत्तरे सांगत असे.

ही गणिते निव्वळ हौसेची नव्हती. बाबांच्या हृदयात आदल्याच वर्षी दोन स्टेंट बसले होते, मधुमेह तर जुनाच होता. मार्चपासून मी त्यांना फाटकाबाहेर पाऊल टाकू दिले नव्हते. भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवत होते, वर्तमानपत्र उन्हात वाळवत होते. आई एकदा म्हणालीच, "पेपर पापडावानी वाळवून राहिली. बातम्या कडक होतीन न वो."

अडचण एकच होती. घरामागच्या मैदानावर दर दसऱ्याला शहराची आतषबाजी होते आणि तिचे निवेदन वीसहून अधिक वर्षे बाबा करत आले आहेत. नोकरीतून निवृत्त झाले, माइकवरून नाही. म्हणून उत्सव समितीचे अध्यक्ष तोंडाला उपरणे गुंडाळून आमच्या अंगणात आले, तेव्हा बाबांनी माझ्याआधी खुर्ची पुढे केली.

"ताई, परवानगी भेटून नाही राहिली," अध्यक्ष मला म्हणाले. "कलेक्टर ऑफिसवाले प्रेक्षक नको म्हणतात. अर्ज तुमीच लिहा, सायन्सवाल्या आहा."

बाबा माझ्याकडे पाहत होते. मी त्यांच्याशी करार केला: मैदानात एक जरी प्रेक्षक असला तर तुम्ही जायचे नाही.

"अन् नसला त?"

"तर जा."

हे मला फार सुरक्षित वाटले. शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच येते. योजना मी चार पानांची केली. वाऱ्याची दिशा, अग्निशमन गाडीची जागा, घरबसल्या पाहणाऱ्यांसाठी थेट प्रक्षेपण, सारे आकृतीसह दिले. तिसऱ्या परिच्छेदात लिहिले, की मैदानात केवळ आवश्यक कार्यकर्ते उपस्थित राहतील. माझ्या डोक्यात ते सात-आठ जण होते. कागदावर मी आकडा घातला नाही, कारण 'आवश्यक' या शब्दाला निश्चित मूल्य असते असे मी गृहीत धरले होते. मी शिकलेले विज्ञान बाहेरगावचे होते, त्याचा हा परिणाम.

परवानगी मिळाली आणि बैठका सुरू झाल्या. बाबांचा धोका कमी करावा म्हणून चारही बैठकांना मी गेले. पहिल्याच बैठकीत पाणी समिती नेमली गेली.

"पाणी कोणाला पाजणार?" मी विचारले. "लोकच नाहीत."

"कार्यकर्त्याइले," अध्यक्ष म्हणाले. "ते काय तहानलेले राहतीन का?"

मग पाणी पिणाऱ्यांना रांगेत उभे करायला शिस्त समिती आली. स्वागत समिती आली, कारण पाहुणे हे प्रेक्षक नसतात. सर्वांत मोठी गर्दी नियंत्रण समिती झाली. तिच्यात घेण्यासाठी वशिला लागू लागला. प्रत्येकाला छातीवर लावायला केशरी फितीचा बिल्ला मिळणार होता. बिल्ले दोनदा कमी पडले आणि दोनदा छापून आले. मी आक्षेप घेतला, तेव्हा एका काकांनी मला प्रेमाने समजावले, "बाई, आपल्याइकडं कोणी प्रेक्षक नसतेच. जो येते तो काही ना काही करतेच."

दसऱ्याच्या संध्याकाळी मी बाबांसोबत मैदानावर पोचले. फाटकावर 'प्रेक्षकांना प्रवेश बंद' असा ठसठशीत फलक होता आणि त्याखालून शहर आत जात होते. सर्वांच्या छातीवर बिल्ले. मास्क बहुतेकांच्या हनुवटीवर, म्हणजे ज्यातून विषाणू शिरत नाही असा चेहऱ्याचा एकमेव भाग सुरक्षित. खारे दाणे विकणाऱ्याला बिल्ला होता. एका बाईच्या कडेवरचे बाळ झबल्याला बिल्ला लावून झोपले होते. ते कोणत्या समितीत होते हे मला कळू शकले नाही.

"बाबा, घरी चला," मी मंचाच्या पायरीवरच त्यांचा हात धरला.

त्यांनी चष्मा पुसून मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले. "मले त एकही प्रेक्षक नाही दिसत," ते म्हणाले आणि माइक हातात घेतला. करार माझाच होता, व्याख्याही माझीच होती.

मी मंचामागे धावले. तिथे दारूकामाचे उस्ताद बसले होते. ते दरवर्षी अकोल्याहून टेम्पो घेऊन येतात. त्या वर्षी लग्नाच्या वराती बंद असल्याने हे एवढेच काम त्यांच्या हाती होते. त्यांचे दोघे भाचे दारूचे नळे बांधून तयार होते, उस्ताद मात्र हाताची घडी घालून स्वस्थ.

"बेटा, इतके लोक हायेत तवरक मी बत्ती नाही लावत," ते म्हणाले. "मले सत्तर पावलं मोकळी जागा लागते. तुमच्या अध्यक्षाले सांगतलं. ते म्हणतात, लोक सरकतीन. कोणी सरकून नाही राहिलं."

लोक हटणार नाहीत. लोक हटले नाहीत तर बत्ती लागणार नाही. बत्ती लागेपर्यंत बाबा मंचावरून उतरणार नाहीत. त्यांच्या आजूबाजूला तोवर स्वागत समितीचे अकरा जण नाक उघडे टाकून हार घालत होते. एकाने तर शिंकून घेतले आणि मग त्याच हाताने बाबांना पेढा दिला.

अशा कार्यक्रमांत निवेदकाच्या हाती चिठ्ठ्या येतच असतात: कोणाची गाडी रस्त्यात उभी आहे, कोणाची चप्पल हरवली आहे. बाबा हाती आलेली चिठ्ठी आधी वाचून पाहत नाहीत. त्यांचा आवाज डोळ्यांच्या बरोबरीने धावतो. मी वहीचा कागद फाडला, त्यावर सूचना लिहिली आणि पुढच्या पेढ्यासोबत तो बाबांकडे सरकवला.

"एक महत्त्वाची सूचना," बाबांचा भारदस्त आवाज घुमला. "आरोग्य पथक काही क्षणांतच फाटकावर पोचत आहे. उपस्थित सर्व कार्यकर्त्यांनी नाकातील स्रावाची चाचणी करून घ्यायची आहे. बाधित आढळल्यास कुटुंबासह चौदा दिवस विलगीकरण."

शेवटच्या शब्दावर ते थबकले. पण सूचना सुटून गेली होती.

दाबाखाली कोंडलेला वायू झडप उघडताच कसा निसटतो हे मी शिकले होते; बिल्ले लावलेला वायू प्रथमच पाहिला. फिती तुटल्या. गर्दी नियंत्रण समिती सर्वांत आधी गेली, त्यामुळे फाटकावर जी चेंगराचेंगरी झाली ती आवरायला कोणी उरले नाही. अध्यक्ष माझ्याजवळून जाताना म्हणाले, "बीपीची गोळी घरी राहिली, ताई." दाणेवाला टोपली तिथेच टाकून गेला.

मोजून नऊ माणसे राहिली: उस्ताद, दोघे भाचे, अग्निशमनचे तिघे, कॅमेरावाला, बाबा आणि मी. उस्तादांनी सत्तर पावले मोजली आणि बत्ती लावली. आजूबाजूच्या गच्च्यांवरून शिट्ट्या ऐकू येत होत्या. रिकाम्या मैदानाला बाबा नेहमीच्याच स्वरात सांगत होते, "माता-भगिनींनी लहान मुलांना दोरीपासून दूर ठेवावे."

 घराच्या फाटकाशी थांबून बाबांनी विचारले, "पथक कुठं होतं?"

"नव्हतं."

"इतक्या वर्षांत म्या खोटी सूचना वाचली नाही. सकाळी चाचणीले जाऊ. दोघंबी."

मी त्यांना आकडेवारीसह सांगितले, की लक्षणे नसताना दुसऱ्याच दिवशी केलेली चाचणी फारशी अर्थपूर्ण नसते. ते सकाळी साडेआठला इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. केंद्रावर व्यवसाय विचारला, तेव्हा त्यांनी दोन बोटे दाखवली. "दोन कार्यकर्ते, लिवा."

तिसऱ्या दिवशी अहवाल आले. बाबा निगेटिव्ह, मी पॉझिटिव्ह.

त्यांच्याभोवतीच्या प्रत्येक माणसाचा धोका मी मोजला होता. चार बंद खोल्यांतल्या चार बैठकांना जाऊन, रोज त्यांच्या समोर बसून जेवणारी व्यक्ती माझ्या गणितात कुठेच नव्हती. ती गणित करत होती.

मला वरच्या खोलीत बंद करण्यात आले. संपर्कात आलेल्यांची यादी मागणाऱ्या आरोग्यसेविकेला मी समित्यांच्या याद्या फोनवरून पाठवल्या. दुसऱ्या दिवशी तिचा त्रासलेला फोन आला. यादीतला एकही जण कार्यकर्ता असल्याचे कबूल करत नव्हता. "आमी त फक्त पाहाले आलो होतो," असे सगळे म्हणत होते. अध्यक्ष तर म्हणे फाटकावरूनच परतले होते. एकटे अकोल्याचे उस्ताद सरळ बोलले होते: "हौ, होतो न. पोरीच्या बाजूलेच उभा होतो." ते चाचणी करून आले. भाचेही सुखरूप होते.

बाबांची दुसरी चाचणी पाच दिवसांनी व्हायची होती. ते पाच दिवस मी गणित केले नाही. रोज सकाळी आई दाराबाहेर ताट ठेवायची आणि मी आतून विचारायची, "बाबांचा ऑक्सिजन किती?" ती आकडा सांगायची. एके दिवशी तिने नुसतेच "बरा हाय" म्हटले, तेव्हा मी दार उघडायला निघाले होते. ती बाहेरून कडी धरून उभी राहिली. "काल सत्त्याण्णव होता बाप्पा. आज मशीन सापडून नाही राहिली, कालचा सांगू का नाही ते समजेना. मागं हो."

सहाव्या दिवशी दुपारी अहवाल आला. निगेटिव्ह. बाबा काही म्हणाले असतील, पण मला ऐकू आला तो खालून, सहा दिवसांत पहिल्यांदा, पाट सरकवल्याचा आवाज. आई इतके दिवस उभ्या-उभ्याच दोन घास खात होती, हे मला तेव्हा समजले. ती खाली बसून जेवत होती. मग ती उठली आणि फोडणी चर्रकन वाजली, बहुधा बाबांसाठी. वास मला अजून येत नव्हता.