बोंबील वाळायची जागा

कोणी 'मोकळी जागा' म्हटलं की बाई चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. "मोकळी कधी पाहिलीत? महिना सांगा." तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे सैल बोलायची सोय नसते.

बाई अर्थशास्त्राच्या प्राध्यापक. शहर वाढताना जमिनीचा वापर कसा बदलतो, हा त्यांचा विषय. मी त्यांच्याच विभागात शिकवायचो आणि मीरा रोडला शेजारच्या इमारतीत राहायचो, म्हणून जवळच्याच चौक या कोळी गावच्या पाहणीला माझी वर्णी लागली. तिथे समुद्रालगतच्या पटांगणात बायका बांबूंवर बोंबील वाळत घालतात. त्या जागेवर किती घरं जगतात, हे बाई वर्षभर विचारत फिरल्या. त्या बायकांतली रोझीमावशी म्हणायची, "बाय, रोजच येतेस, तर चार बोंबील तू बी लाव." बाई लावायच्या. वाकडे.

पुढे त्यांनी निबंधात लिहिलं: पावसाळ्यात ही जागा रिकामी दिसते, उरलेलं वर्ष गाव तिच्यावर जगतं.

मग तिथे हॉटेल बांधायचं ठरलं. सुनावणीत कंपनीच्या सल्लागाराने पडद्यावर बाईंचं नाव टाकलं आणि खाली अर्धंच वाक्य: 'ही जागा रिकामी दिसते.'

बाई उठल्या. "पुढचं वाचा."

"मॅडम, वेळ कमी आहे."

"कापायला वेळ होता ना?"

त्यांचा माईक बंद केला गेला. उरलेलं वाक्य त्या ओरडून बोलल्या. कोणी लिहून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख म्हणाले, "जरा जमवून घ्यायचं, मॅडम. या लोकांकडून उद्या आपल्यालाही कामं मिळतील." बाईंनी तिथेच खुर्ची मागे सारली आणि नोकरी सोडली.

पटांगणाभोवती पत्रे उभे राहिले. रोझीमावशी तोंडावर म्हणाली, "तुझ्या कागदानंच गेली आमची जागा." बाईंनी खुलासा केला नाही. सल्लागाराचं नाव काढलं की आजही माझं डोकं सणकतं.

बाई गेल्या पावसाळ्यात वारल्या. त्याआधीची एक दुपार मला दिसत राहते. जागा गेल्यामुळे बायकांनी रस्त्याच्या कडेलाच बोंबील पसरले होते. एक मोठी गाडी त्यांवरून जायला बघत होती. बाई आडव्या उभ्या राहिल्या.

"आंटी, साइड में हो जाओ."

"नहीं होऊँगी."

हॉर्न वाजत राहिला. त्यांच्या पाठीमागे रोझीमावशी उकिडवी बसून, घाई न करता, एकेक बोंबील पालथा करत होती.