लाल खिडकीतला एक

बायकोने नवऱ्याला भेट द्यायची पद्धत आमच्या वेळी नव्हती. पाडव्याला ओवाळायचं, त्याने तबकात काही घालायचं, आपण ते कपाळाला लावून उचलायचं, एवढंच. त्यामुळे सोलापूरच्या नव्या पेठेत भर दुपारी मी ह्यांच्यासाठी कॅमेरा शोधत हिंडत होते तेव्हा आपण काय करतोय हे माझं मलाच धड कळत नव्हतं.

हे सरकारी मोजणीदार. दिवाळी झाली की तट्टावर वळकटी टाकून निघायचे ते मृगाच्या आधी परतायचे. मधे संक्रांतीला आणि होळीला दोन-दोन दिवस येऊन जायचे. कधी माढ्याकडचं रान, कधी मैंदर्गीकडचं. साखळी टाकून जमीन मोजायची, हद्दीचे दगड तपासायचे, वहीत आकडे लिहायचे. पावसाळ्याचे चार महिने मात्र घर आणि कचेरी.

घरी आले की मी विचारायची, "काय काय पाहिलंत?"

"रान."

"रानात काय?"

"काही नाही. बांध."

एवढं बोलून जेवायला बसायचे. माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवला नाही, कधी भाजीला नावं ठेवली नाहीत. पण आठ महिने बाहेर राहून आलेला माणूस नुसता 'बांध' म्हणतो तेव्हा बायकोने काय समजायचं? एकतर ह्यांना काही दिसतच नाही, नाहीतर दिसलेलं मला सांगावंसं वाटत नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि या दोन्हींतलं खरं काय ते मला ठरवता येत नव्हतं. कुठलंही खरं धरलं तरी रडू यायचं.

एका लग्नात कुणा पाहुण्याने कोटाच्या खिशातून चपटी डबी काढली, तिचं झाकण पाडून पुढचं नाक ओढलं आणि वरातीचा फोटो घेतला. मग नाक आत, झाकण बंद, डबी खिशात. मी बघतच राहिले. असली डबी ह्यांच्या खिशात असली तर ह्यांना तोंड उघडायची गरजच उरणार नाही. जे पाहतील ते मला दिसेल. भाऊबिजेचे पैसे डब्यात साठले होते, तेव्हा तीही अडचण नव्हती.

ह्यांचा खाकी कोट मीच शिवायची आणि मीच दुरुस्त करायची. जुन्या कोटाचा उजवा खिसा मी उसवून काढला आणि मापासाठी बरोबर घेतला. शेजारच्या अक्कालाही घेतलं, कारण एकटीने दुकानाची पायरी चढायची माझी छाती नव्हती. अक्का तेलुगू विणकरांच्या घरातली, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. हातमागापाशी तिचा जन्म गेला होता. कॅमेऱ्यातलं तिला काही कळत नव्हतं. पण मलाही कुठे कळत होतं?

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका चाचांच्या दुकानात काचेच्या कपाटात कॅमेरे दिसले.

"कुणासाठी पायजे, बाई?"

"भावासाठी," मी खोटं बोलले. नवऱ्यासाठी म्हटलं असतं तर 'कशाबद्दल' आलं असतं. अक्काने माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ काय करतात?"

"रानात हिंडतो."

"शिकारी हायत काय?"

"नाही."

"मग फोटू कशाचे काढणार?"

आता ते कळावं म्हणूनच तर मी आले होते. "रानाचे," मी म्हटलं. चाचांनी चष्मा काढून पुसला.

त्यांनी आधी एक काळी चौकोनी पेटी पुढे ठेवली. लहान पोरगंसुद्धा तिने फोटो काढील म्हणाले. मी पिशवीतून खिसा काढला आणि पेटी त्यात घालून पाहिली. जाईना.

"ये क्या है, बाई?"

"खिसा."

"आन् कोट?"

"कोट घरी आहे."

मग एक लाकडी आला, काचेच्या पट्ट्यांवर चित्र घेणारा. तट्टावर काच! तो मी हातातही घेतला नाही. शेवटी त्यांनी दोन घडीचे काढले, लग्नात पाहिले होते तसेच. एक चांदीसारखा चमकणारा, एक नुसता काळा. दोन्ही खिशात अलगद बसले. उंची किती धरायची, अंतर किती ठेवायचं, ऊन पाठीशी घ्यायचं की पोटाशी, चाचा भराभर सांगत होते आणि मी 'हो, हो' म्हणत होते. माझ्या डोक्यात गोंधळाशिवाय काही शिरत नव्हतं. दोन्हींत फरक काय म्हणाल तर एक चमकतो आणि एक चमकत नाही.

अक्काने चमकणारा उचलला. पुढचा कातडी भाता ओढून ताणला आणि धोतरजोडीचं सूत तपासावं तसा दाराच्या उजेडाकडे धरून मागून बघितलं.

"वैनी, हितं ये. हे बग की. कोपऱ्यात भोकं हायत. चाळणीतनं पडल्यावानी उजेड येतोय."

चाचांनी तो घेऊन स्वतः बघितला आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवून दिला. अक्का काळ्याकडे वळली. ओढला, मिटला, पुन्हा ओढला, चिमटीत धरून चोळला, नाकाशीही नेला.

"ह्यो दाट हाय. टिकंल."

"अक्का, तुमी माज्या दुकानात नोकरीला या," चाचा म्हणाले. मला म्हणाले, "बाई, भाऊ म्हातारा होईल, ह्यो न्हाय व्हायचा. नीट वापरला तर जन्माला पुरंल."

त्यांनी आत फिल्म घातली. "मागं ही लाल खिडकी. आत एक दिसतो न्हवं? फोटू काढला की ही चावी फिरवायची, मग दोन येतो. आठ झाले की खलास." सगळ्या व्याख्यानातली ही लाल खिडकी तेवढी मला समजली.

पाडव्याला ओवाळून झालं, ह्यांनी तबकात ओवाळणी घातली, आणि मी पाटामागून पुडकं काढून ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी सोडलं. कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे कशाबद्दल?"

रात्रंदिवस मी जे वाक्य घोकलं होतं ते असं होतं: तुम्ही पाहता ते मला दाखवा. पण ह्यांनी सरळ डोळ्यांत पाहिल्यावर ते आतच राहिलं. चाचांचं वाक्य तेवढं बाहेर पडलं.

"फार टिकाऊ आहे म्हणे. नीट वापरला तर जन्माला पुरेल."

"बरं," हे म्हणाले. कॅमेरा मेणकापडात गुंडाळून सरकारी होकायंत्राशेजारी पेटीत ठेवला आणि तिसऱ्या दिवशी निघून गेले.

संक्रांतीला आले. हे देवळात गेल्यावर मी पेटी उघडली. मेणकापड सोडलं. लाल खिडकीत एक. जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "फोटो काढलेत का?"

"अजून नाही."

होळीला आले. एक. मृगाला आले. एकच. कॅमेरा मात्र आरशासारखा लखलखत होता, धुळीचा कण नाही. दुसऱ्या दिवाळीला तसाच गेला, दुसऱ्या संक्रांतीला तसाच परत आला. मी विचारायचं सोडून दिलं. आवडला नसेल. बायकोने दिला म्हणून चारचौघांत लाज वाटत असेल. किंवा खरंच, ह्यांना कुठे काही दिसतच नसेल. नाना शंका यायच्या आणि एकही धड टिकायची नाही. चाचांना विचारलं तर ते म्हणाले, "फिल्लम दोन वर्सांत मरती, बाई. तुमच्या भावाला सांगा की." त्यांच्या तोंडून तो खोटा 'भाऊ' ऐकून माझं डोकं आणखीच फिरलं.

दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावण लागायच्या सुमारास, हे ओसरीवर बसून कॅमेरा फडक्याने पुसत होते. ते पाहून माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"पुसता कशाला? देवात ठेवा की! रोज गंध-फूल वाहीन मी!"

हे दचकले. "काय झालं?"

"दोन वर्षं झाली. एक फोटो नाही. वापरायचा नव्हता तर तेव्हाच परत करायचा होता."

ह्यांनी फडकं खाली ठेवलं. कॅमेऱ्याची लाल खिडकी माझ्याकडे वळवली. म्हणाले, "आठच आहेत ना."

"मग?"

"चुकून काढला तर गेला." एवढं बोलून कॅमेरा पेटीत ठेवला, छत्री घेतली आणि कचेरीत गेले.

आठच आहेत! हे काय उत्तर झालं? मी भांडी आपटत घासली. मग उरलेलं काम घेऊन बसले. माझं अक्षर बरं, म्हणून ह्यांच्या कच्च्या वहीवरून पक्की नक्कल मी करायची. कचेरीत ते कुणाला ठाऊक नव्हतं. रागात मी वही उलटी उचलली आणि ती मागून उघडली. तिथेही लिहिलेलं होतं. आधी वाटलं जुनी मोजणी असेल. आकडे, दिशा, साखळ्या, सगळं नेहमीसारखं. मग वाचायला लागले.

'दगडापासून पूर्वेस चार साखळ्या. तळ्यात बगळे, अंदाजे चाळीस. हिला पाणी आवडत नाही. नको.'

'विहिरीच्या उत्तरेस. पाटलाची घोडी व्याली. शिंगरू उभं राहू पाहतंय. हलतंय. नको.'

'मैंदर्गी. हद्दीच्या दगडावर दोन भाऊ पाठीला पाठ लावून बसलेत. भांडण मोजणीचं, भाकरी एकच, मोडून खातायत. पुढे कोर्टात पुरावा म्हणून मागतील. नको.'

'माढ्याच्या वाटेवर म्हातारी, कणसं भाजतेय. फोटो काढ म्हणाली. मग लुगडं बदलून येते म्हणाली. येईतो ऊन गेलं. उद्या.'

'म्हातारी नवं लुगडं नेसून आली. कालचंच बरं होतं. नको.'

मी नक्कल बाजूला ठेवली. पानामागून पान होतं. शेंदरी मावळती, रंग यायचा नाही, नको. बाभळीवर सुगरणीची घरटी, फार लांब, नको. कानडी मुली डोक्यावर पेंढ्या घेऊन एका रांगेत चालल्यात, फोटोत गाणं यायचं नाही, नको. सरकारी शाईत, सरकारी वहीत, ह्या माणसाने दोन वर्षं रोज आठांतला पहिला शोधला होता आणि रोज नापास केला होता. कारण मी 'जन्माला पुरेल' म्हटलं होतं ते कॅमेऱ्याबद्दल, आणि ह्यांनी धरलं होतं ते आठ फोटोंबद्दल.

मला रडू आलं आणि रागही आला. मला पाणी आवडत नाही हे ह्यांना कुणी सांगितलं? मला बगळे हवे होते! चाळीसच्या चाळीस हवे होते.

मधल्या एका पानावर हात थांबला. मागच्या पावसाळ्यातलं पान होतं.

'घर. खिडकीपासून तीन पावलं. ही परातीत तांदूळ निवडतेय. उजेड चांगला. हलत नाही. विचारायला हवं.'

पुढे 'नको' नव्हतं. भराभर पानं उलटत मी शेवटाला आले. शेवटची नोंद चार दिवसांपूर्वीची होती.

'घर. खिडकी. तांदूळ. अजून विचारलं नाही.'

संध्याकाळी हे परतले तेव्हा मी परात घेऊन खिडकीशी बसले होते. पाऊस उघडला होता, गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. ह्यांनी छत्री कोपऱ्यात उभी केली आणि दारातच थांबले. सकाळच्या भांडणानंतर आत यावं की नाही, असं झालं असेल.

"तांदूळ काल निवडले होतेस ना?"

"हो."

"मग?"

"परत निवडतेय."

ह्यांना कळेना. माझ्याकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, मग कोनाड्यातल्या वहीकडे. ती मी मुद्दाम मागच्या बाजूने उघडी ठेवली होती. ह्यांचे कान लालेलाल झाले. पेटीपाशी गेले, मेणकापड सोडलं, झाकण पाडलं. खिडकीपासून तीन पावलं मोजून उभे राहिले. तरी बटण दाबेनात.

"विचारायचं होतं," हे म्हणाले.

"विचारा."

"काढू का?"

"काढा."

फिल्म जुनी झाली होती. पुढे चाचांनी धुऊन दिली तेव्हा त्या चित्रात धुरकट खिडकी आणि परातीचा पांढरा गोल एवढंच आलं, मी कुठे आहे ते मलाच शोधावं लागलं. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी एक बारीकसा आवाज झाला, ह्यांनी चावी फिरवली, आत डोकावून पाहिलं आणि कॅमेरा माझ्या हातात दिला.

"बघ," म्हणाले.

मी तो उलटा करून लाल खिडकीत पाहिलं. दोन आला होता.