न सोललेले केळे

पिकलेल्या केळ्यांचा दाट, गोड वास आला की अजूनही माझ्या मानेवर शहारा येतो. सिंधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत एका दुपारी जादूगार आला होता. त्याने एका न सोललेल्या केळ्याभोवती हवेतच सुरी फिरवली आणि मग ते सोलले, तर आत गराचे चार सारखे तुकडे! ज्यांचा जन्म केळीच्या बागांत गेला ती माणसेही अवाक झाली. मग त्याने माझ्या धाकट्या बहिणीला पुढे बोलावले आणि तीच सुरी तिच्या गळ्याभोवती फिरवली. “उस्ताद, आता हिला पण सोलून दाखव ना!” कुणीतरी ओरडले आणि हशा उसळला. बहीण निश्चल उभी होती. मला वाटले, ती आतून कापली गेली आहे. जराशी हलली तरी डोके घरंगळेल. मी धावले आणि दोन्ही हातांनी तिचे डोके घट्ट धरले. “ताई, सोड ना, कान दुखतोय,” ती चिडून म्हणाली, तेव्हा कुठे मला रडू फुटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आज कळते, ती माणसेही घाबरलीच होती, पण निर्धास्तपणे, म्हणून त्यांना मजा येत होती. त्या घोळक्यात तिची बहीण मी एकटीच होते.