हर्षदाची जोडी

हर्षदा नर्स म्हणून जर्मनीला चालली हे कळलं तेव्हा आमच्या दवाखान्यात सगळ्यांना अभिमान वाटला. मला राग आला. बावीस वर्षं मी जव्हारच्या सरकारी दवाखान्यात काढली, निम्मी इन्चार्ज म्हणून, आणि एवढ्या वर्षांत कामाची म्हणावी अशी पोर मला एकच मिळाली. तीही परक्यांनी पळवली.

हर्षदा मोखाड्याच्या सूर्यमाळकडची. गावातली नव्हे, गाव सोडून अर्धा तास डोंगर चढल्यावर लागणाऱ्या पाड्यावरची. बोलणं कमी, काम चोख. ती सलाइन लावायची तेव्हा पेशंटला सुई टोचल्याचं कळायचं नाही, कारण त्या वेळी ती जर्मन शब्द पुटपुटत असायची आणि पेशंट घाबरून तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. चार नंबरच्या खाटेवरच्या गोजाबाईंना वाटलं, ही मंतर घालते. तीन दिवसांत ताप उतरला तेव्हा त्या मला म्हणाल्या, "सिस्टरबाय, ही पोर भगताहून बरी. कोंबडा मागत नाय."

दीड वर्ष पोरीने ड्यूटी सांभाळून मोबाइलवर क्लास केला, परीक्षा दिली, पास झाली. तिकडच्या एका लहानशा शहरातल्या रुग्णालयाने तिला जूनपासून बोलावलं. एप्रिलअखेरपर्यंत फक्त होकार कळवायचा होता. आणि होकार कळवायच्या आधी ही बाई बापाला विचारायला पाड्यावर गेली! आधी कळवून टाकायचं आणि मग सांगायचं, एवढंही हिला सुचू नये?

आमच्याकडे दिवाळी झाली की पाडेच्या पाडे वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर जातात आणि होळीला परत येतात. त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. त्यामुळे हर्षदा परदेशी जाणार याचं पाड्यावर कुणाला फारसं अप्रूप वाटलं नाही. चालली जगायला, जरा लांब चालली एवढंच. उलट त्या विषयातले सगळेच जाणकार, म्हणून सल्ल्यांना ऊत आला. ठकी काकूने सरपण जवळ मिळतं का विचारलं. चुलतभाऊ हरेशला राहायची खोप कोण बांधून देणार याची काळजी. आईने, म्हणजे चैतीने, नागली दळायला काढली आणि सुकट निवडायला घेतली. सगळ्यांना खटकली ती एकच गोष्ट, जून महिना. भाताची रोपं लावायचे, आवणीचे दिवस तोंडावर.

"आवणी टाकून कोण जगायला जातं?" हरेश म्हणाला. "मुकादम येडा हाय का?"

बाप जिवाने सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि विचारलं, "जोडी कोण?"

भट्टीवर सहसा माणूस एकटा घेत नाहीत, जोडी घेतात. एकाने मातीचा गारा मळायचा, दुसऱ्याने विटा थापायच्या. बहुतेक नवराबायको असतात, कधी बाप-लेक, कधी दोघी बहिणी. हर्षदाने सांगितलं, माझी जोडी नाही, मी एकटीच जाणार. जिवा म्हणाला, मग नाय जायचं. आणि तंबाखू तोंडात टाकून त्याने विषय बंद केला.

दुसऱ्या दिवशी पोर सुजलेल्या डोळ्यांनी ड्यूटीवर आली. तिला जायला मिळू नये असं आतून मलाच वाटत होतं, पण तिचं ते तोंड बघवेना. रविवारी तिच्या स्कूटीवर मागे बसून निघाले. माझं वजन आणि तो घाट, दोन ठिकाणी मला उतरून चालावं लागलं. पाड्याच्या विहिरीपाशी बाया हंडे मांडून टँकरची वाट बघत होत्या. जिवादादांनी घरातली एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची मला दिली आणि स्वतः जमिनीवर बसले.

"दादा, तिकडे एकट्याच्या नोकऱ्या असतात," मी म्हटलं. "कितीतरी पोरी जातात."

"जात असतील."

"मग?"

"एकटा माणूस गारा मळंल का विटा थापंल?"

"अहो, ती काय विटा थापायला चालली आहे?"

"तेच सांगतो. माणसं सांभाळायची म्हंजे त्याहून कठीण काम."

मी चहाचा घोट घेतला. तेवढ्यात दादा आपण होऊनच बोलायला लागले.

"एका सालाला मी एकटा गेलतो. चैतीला हिच्या वेळचे दिवस भरलेले, ती घरी. तिकडं मला ताप भरला. तीन दिस खोपीत पडून होतो, पाणी द्यायला कोण नाय. तिसऱ्या दिसाला मुकादम आला. माणूस दिसंना म्हणून नाय आला. विटा कमी भरल्या म्हणून आला."

कुणा दुसऱ्याचीच हकिकत असावी अशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. मनातल्या मनात मी या माणसाला अडाणी म्हणत आले होते, त्याची फार लाज वाटली.

हर्षदा दारात उभी होती. ती म्हणाली, "बा, मग तूच इचार त्यांना."

मंगळवारी दुपारी दोन वाजता तिकडच्या रुग्णालयाशी व्हिडिओ फोन ठरला. मुदत संपायला दोन दिवस उरले होते. मी रजा टाकून पुन्हा गेले. आता मला राहवतच नव्हतं. पाड्यावर रेंज येते ती शाळेमागच्या खडकावर. तिथे जिवादादा पांढरा सदरा घालून बसले, हर्षदाने मोबाइल धरला आणि मागे सगळा पाडा गोळा झाला. पडद्यावर तिकडच्या मेट्रनबाई आल्या. दादांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"पाणी किती लांब?"

खोलीत नळ आहे, असं उत्तर आलं.

"उन्हाळ्यात?"

उन्हाळ्यातही. पाड्याने एकमेकांकडे पाहिलं. कुणाचा विश्वास बसला नाही.

"काम सोडून यायचं म्हटलं तर अडवशील?"

नाही, आधी कळवलं की जाता येतं, असं मेट्रनबाई म्हणाल्या. दादांना हे जरा अपमानाचंच वाटलं. "म्हंजे हिचं काम तुला येवढं नकोच हाय," ते म्हणाले. हे हर्षदाने तिकडे पोचवलं नाही.

मग जोडीचा प्रश्न आला. तो समजावताना हर्षदाला घाम फुटला. मेट्रनबाईंनी नीट ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, नव्या नर्सबरोबर पहिलं वर्षभर आम्ही एक जुनी नर्स देतो, हिच्याबरोबर इलोना असेल.

"बोलाव तिला," दादा म्हणाले.

इलोनाबाई आल्या. साठीला टेकलेल्या, केस पांढरे आणि आखूड, ड्यूटीतूनच उठून आलेल्या दिसत होत्या.

"पोर आजारी पडली तर तुला कसं कळंल?"

कामावर आली नाही तर फोन करीन, त्या म्हणाल्या. उचलला नाही तर घरी जाईन. सायकलने आठ मिनिटं लागतात.

"येवढी म्हातारी सायकल चालवते?" मागून ठकी काकू म्हणाली, आणि बाया खुदखुदल्या. दादा हसले नाहीत. ते पडद्याजवळ सरकले.

"आन् बाय, तुझी जोडी कोण?"

हर्षदा बापाकडे बघायला लागली. "हे नको, बा."

"इचार."

तिने विचारलं. इलोनाबाई आधी हसल्या. मग त्यांनी चष्मा काढला आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. मुलगा लांब असतो. कोणी नाही.

चैतीच्या तोंडून "आगं बाय" निघालं. जिवादादांना मात्र राग आला, आणि तो त्यांनी मेट्रनबाईंवर काढला.

"येवढा मोठा दवाखाना चालवतेस आन् बाईला एकटी ठेवलीस?" मग हर्षदाकडे वळून ते म्हणाले, "सांग त्या बाईला. माझी पोर देतो जोडीला. जूनपासून. आवणीचं आम्ही बघू."

हर्षदाने तोंड उघडलं आणि तिला एकही जर्मन शब्द आठवेना. दीड वर्षाचा क्लास, परीक्षा, सगळं पाण्यात. "अगं, सांग ना!" मी ओरडले. कसंबसं तिने एक छोटंसं वाक्य सांगितलं. इलोनाबाईंनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांनी उलट विचारलं.

"बा, ती म्हणते, जोडी झाली की तिने काय काय करायचं?"

"काय नाय," दादा म्हणाले. "एक पडली तर दुसरीनं पाणी द्यायचं."

हर्षदाने तेही सांगितलं. इलोनाबाईंनी मान हलवली, दोनदा हलवली, आणि तिथे ड्यूटीवर, आपल्या मेट्रनसमोर, त्या रडायला लागल्या. हर्षदा तर आधीच रडत होती. मग मीही डोळ्यांना पदर लावला.

जिवादादांनी आम्हा तिघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"ह्या दवाखान्यातल्या बाया लई रडतात," ते चैतीला म्हणाले. "हिला रुमाल जास्त दे."