सौंसरच्या सागवनात नंदिनीचा आवाज

"सौंसरला चल, रानपिंगळा दाखवते," असं नंदिनी म्हणाली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आधी संत्री आली. खोटं कशाला बोलू! तिच्यासारखी पक्षीवेडी मी नाही. रानपिंगळा म्हणजे सागाच्या जंगलात भरदिवसा वावरणारं छोटं घुबड. जगात फार थोडी उरलीत. सौंसरच्या वरच्या डोंगरकडेला तिला एका जोडीचा सुगावा लागला होता. जोडी तिथे राहते हे सिद्ध झालं, तर ढोल्यांची ती जुनी झाडं वाचवा म्हणून ती वनखात्याकडे भांडणार होती.

नागपूरहून सकाळची बस धरा आणि शनिवार टाळा. जामसांवलीच्या हनुमानाला निघालेल्या भक्तांमुळे गाडीत मुंगी शिरायला जागा नसते. आम्ही अर्थात शनिवारीच गेलो. स्टँडवर तर्रीपोहे खाल्ले, डोळ्यांतून पाणी आलं, पुन्हा मागितले. पुढे रिक्षा करावी लागते. परतीचंही तेव्हाच ठरवा, तिकडून काही मिळत नाही. जागेचं नाव मात्र विचारू नका.

देवरावकाकांची संत्र्याची बाग जंगलाला लागूनच. तेच आमचे वाटाडे. सागवनात शिरल्यावर नंदिनीनं मोबाइल काढला. रानपिंगळ्याची हाक तिनंच मेळघाटात रेकॉर्ड केली होती आणि पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकली होती. हाकेच्या शेवटी तिची स्वतःची कुजबुजही आलीय. तेव्हा सोबत असलेल्याला ती दटावतेय, "थांब, हलू नकोस."

काकांना हे पसंत नव्हतं. "बोलवा, पन त्यानं हाक देल्ली त लगेच ओ देऊ नका. आमच्याकडं पिंगळ्याच्या पयल्या हाकेले कोनी ओ देत नाई."

"काहून काका?" मी त्यांच्याच भाषेत चिडवलं.

"हाक कोनाची आहे, ते आधी पाहा लागते, बाई."

नंदिनीनं एकदा हाक वाजवली. जंगल गप्प होतं, पानही हलत नव्हतं. मग उतारावरून उत्तर आलं. ओ-आव, ओ-आव. नंदिनीचे डोळे चमकले, तिनं पुन्हा मोबाइल उचलला. काकांनी त्यावर हात ठेवला. आम्ही ऐकत राहिलो. हाक संपली आणि झाडांतून कुणीतरी म्हणालं,

"थांब, हलू नकोस."

नंदिनी माझ्या शेजारी उभी होती. तोंड मिटून. काका आवाजाच्या दिशेनं उतार उतरू लागले, आम्ही त्यांच्या मागे.

खाली दोन सागांमध्ये बारीक जाळं ताणलेलं होतं. झुडपात छोटा स्पीकर टांगलेला. माणूस नव्हता, पण बिडी अजून धुमसत होती. जाळ्यात ठिपक्याठिपक्यांचं एक पीस अडकलं होतं.

"दिवाळी आली का येतात हे," काका म्हणाले. "घुबडाचा बळी देला का लक्ष्मी येते म्हनतात, मेले!" संत्री तोडायच्या कात्रीनं त्यांनी जाळं कापलं. वनरक्षक येऊन सगळं घेऊन गेला. आपल्याला कुणी बघतंय असं मला रिक्षात बसेपर्यंत वाटत होतं.

नंदिनीनं ग्रुपवरची हाक काढून टाकली. पण ती कुणाकुणाकडे पोचलीय, कोण सांगणार? संत्री गोड होती, पोहे झकास होते. तरी तिकडे जा, असं तुम्हाला मनापासून सांगवत नाही.

दिवाळीनंतर काकांचा फोन आला. नंदिनीनं स्पीकरवर टाकला.

"पिंगळा बोलतो का, काका?"

"बोलते नं. ढोलीपाशी बसलेलं मी डोळ्यानं पाह्यलं."

ती कित्येक दिवसांनी हसली.

"पन ताई, एकच आहे. बोलते, थांबते, इकडंतिकडं पाहते, मंग परत बोलते. दिवसभर तेच करून राहिलं."