जॉयसीचा डूख

मालवणात कुणी जॉयसी आल्मेडाचं नाव काढलं की लोक आधी तिच्या आवाजाबद्दल बोलतात. घोगरा, हळू, समोरच्याला दोनदा विचारायला लावणारा. चिडली की तो आणखी खाली जातो. तिच्यावर बालंट आलं त्या संध्याकाळी तर तिचे नुसते ओठ हलत होते, असं तिचा भाऊ डॅनियल सांगतो.

धुरीवाड्यात त्यांचं घर. वडील बोटीवर स्वयंपाकी, आई शाळेत शिक्षिका. जॉयसीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, आणि मितेश शेटने तालुक्यात इंटरनेटच्या जोडण्या द्यायला सुरुवात केली तेव्हा त्याच्याकडे लागलेलं पहिलं माणूस तीच. सुरुवातीला शिडी लावून खांबावर चढायची. पुढे धंदा वाढला, गावोगाव पत्र्याच्या केबिनी उभ्या राहिल्या, आणि मितेशने तिला ऑफिसात पडद्यासमोर बसवलं.

प्रत्येक केबिनीत एक राउटर असतो. त्या गावच्या सगळ्या वायरी त्यात येऊन मिळतात. तो किती तापलाय, त्याचे पंखे फिरतायत का, त्याला वीज देणारे दोन्ही सप्लाय जिवंत आहेत का, हे पडद्यावर दिसतं. एक सप्लाय मेला तर दुसरा सगळा भार ओढतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. कळतं ते पडद्यासमोरच्या माणसाला. जॉयसीला तर पडदा न बघताही अंदाज असे. कट्ट्याच्या केबिनीवर दुपारनंतर ऊन चढतं, आचऱ्याची बॅटरी फुगलीय, मसुऱ्याच्या केबिनीला खिडकीच नाही.

मसुऱ्याचा एक सप्लाय नाताळात मेला. तिने मितेशला सांगितलं. मग पुन्हा सांगितलं.

"जत्रा होवंदे, मगे बगया," तो म्हणाला.

मसुऱ्यातल्या आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवशी दुपारी पडदा लाल झाला. जॉयसी आणि तिच्या हाताखालचा ओमकार स्कूटरवरून मसुऱ्याला सुटले. केबिनीचं दार उघडलं तर आतून भट्टीची झळ आली. दोघांनी पुठ्ठे घेऊन राउटरला वारा घातला. हात भरून आले तरी घालत राहिले. पण उरलेला सप्लायही बसला, आणि ऐन गर्दीत खाजेवाल्यांपासून हॉटेलवाल्यांपर्यंत सगळ्यांचं नेट गेलं. मोबाईलवरून पैसे घेता येईनात. मुंबईत बसून दर्शन घेणाऱ्यांचे पडदेही काळे झाले.

संध्याकाळी चिडलेले दुकानदार केबिनीपाशी जमले. मितेश आला. एरवी मालवणी बोलणारा माणूस, त्या दिवशी शुद्ध मराठीत म्हणाला, "यंत्राने सकाळपासून इशारा दिला होता. जॉयसीने अलार्म बंद करून ठेवला. तिला काय त्याचं, तिची जत्रा थोडीच आहे?"

जॉयसीची आई जिवंत होती तोवर दर जत्रेला देवीला नारळ धाडायची. तिथल्या निम्म्या माणसांना हे ठाऊक होतं. कुणी बोललं नाही. ओमकार तिच्या शेजारीच होता, पुठ्ठा अजून हातात. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने आपल्या चपलांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिची नोकरी गेली. बाजारात बायका तिच्याशी नेहमीसारखंच बोलत, पण ती पुढे गेली की आवाज खाली येत. डॅनियल तेव्हा बोटीवरची नोकरी सोडून कायमचा घरी आला होता. तो म्हणाला, "सोड गो. दुसरी नोकरी बघ."

"नोकरी नको. माका तेचा सगळा व्हया."

मितेशच्या केबिनींच्या किल्ल्या अजून तिच्या पर्समध्ये होत्या. त्या बघून डॅनियल घाबरला. जॉयसीने त्या ओमकारच्या हातात नेऊन दिल्या आणि परतली. रात्री कुलूप उघडून वायर कापणं तिला कमीपणाचं वाटत होतं. मितेशचं यंत्र मितेशच्याच कंजूषपणाने मरायला हवं, आणि मरताना सगळ्यांनी बघायला हवं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

भावाच्या मदतीने तिने बाहेरच्या एका इंटरनेट कंपनीची एजन्सी घेतली. मग ती मितेशच्या गिऱ्हाइकांकडे फिरू लागली. आपली जाहिरात तिने कधी केली नाही. आचऱ्याला बाबलीचं लॉज आहे. वीज मंडळाने दुरुस्तीसाठी लाईट बंद ठेवण्याची सूचना दिली, तशी ती त्याच्या काउंटरशी जाऊन उभी राहिली.

"उद्या लाईट गेली की थोड्या वेळान तुमचा नेट जातला. गेला तर माका फोन करा."

"तुका काय सपान पडला?" बाबली म्हणाला.

नेट गेलं. त्याने फोन केला. संध्याकाळपर्यंत डॅनियल त्याच्या गच्चीवर नवी वायर ओढत होता. कट्ट्याला तेच झालं, मसुऱ्याला तेच. ऊन कुठे चढतं आणि बॅटरी किती दम धरते हे तिला पाठ होतं, आणि मितेश नवा सप्लाय घेण्याऐवजी गिऱ्हाइकांना सवलती वाटत होता. एकेक घर मितेशकडून तुटलं की ती घरी येऊन डॅनियलला त्या घराचं नाव सांगे आणि मगच जेवायला बसे.

अखेरीस मितेशकडे मालवण शहर आणि किनाऱ्यावरची हॉटेलं तेवढी उरली. ती सगळी एका मोठ्या राउटरवर होती. मे महिन्यात, पर्यटकांची झुंबड असताना, जॉयसी आणि डॅनियल दुपारचे जेवत होते तेव्हा तिचा फोन वाजला.

"जॉयसीबाय, मी ओमकार."

"बोल."

"मेन राउटर लय तापलो हा. एक सप्लाय आधीच गेलोलो. दुसऱ्याचो व्होल्टेज खाली येता. शेट सांगतत, बंद करून परत चालू कर. करू काय?"

बंद करायचं नव्हतं, हे तिला लख्ख ठाऊक होतं. थकलेला सप्लाय चालत्या यंत्राला कसाबसा ओढत राहतो, पण बंद यंत्र पुन्हा उठवताना एकदम जो भार पडतो तो त्याला झेपत नाही. काही हॉटेलं तात्पुरती तोडून भार कमी करायचा, कपाटाची मागची बाजू उघडून पंखा लावायचा, नवा सप्लाय येईपर्यंत हात लावायचा नाही. दोन वाक्यांचं काम होतं.

तिने तोंडातला घास गिळला. "शेट सांगतत तर कर."

"नक्की?"

"शेट तुझो, माझो नाय."

फोन ठेवल्यावर डॅनियल तिच्याकडे बघत राहिला. "ह्या बरा नाय केलंस."

"सोलकढी वाढ," ती म्हणाली.

राउटर पुन्हा उठला नाही. नवं सामान येईपर्यंत तारकर्ली-देवबागच्या हॉटेलांत पाहुणे बिलावरून भांडत होते, बुकिंगं रद्द होत होती, आणि जॉयसीचा फोन खाली ठेवता येत नव्हता. बहीणभावांनी दिवसभर उन्हात वायरी ओढल्या. तिची कातडी सोलवटून निघाली. आयुष्यातला सगळ्यात सुखाचा आठवडा तो, हे ती आजही लपवत नाही.

त्याच आठवड्यात एका हॉटेलवाल्याने तिला सहज सांगितलं, "मितेशान ओमकाराक काढल्यान. तेणी अलार्म बंद ठेवलेलो म्हणे."

जॉयसी हसली. शिडीवरून उतरेपर्यंत ते हसू गेलं होतं.

ओमकारची बायको संचिता कट्ट्याच्या अंगणवाडीत आहे. ती एका सकाळी जॉयसीच्या एजन्सीच्या दुकानात आली. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

"बंद करूचा नाय, ह्या तुका म्हायत होता मां?"

"होय."

"तरी सांगलंस?"

"तेका पण म्हायत होता, जत्रेच्या दिवशी. माझ्या बाजूक उभो होतो."

"तो भियालो," संचिता म्हणाली. "सासू खाटेर, पोरा ल्हान. नोकरी जायत म्हणान भियालो. मितेश आज पण गाडयेतसून फिरता. भियालेल्या माणसाक मारून तुका काय गावला?"

जॉयसीने पुढे केलेली खुर्ची मागे घेतली. ती म्हणाली, "तेका माझ्याकडे धाड. काम देतंय."

"तुझ्या दारात तो येवचो नाय."

आला नाही. बांद्याला हायवेवरच्या एका हॉटेलात तो काउंटरवर बसतो. जॉयसी एकदा तिकडे गेली. त्याने चहा मागवला, मुलांचं कसं चाललंय ते सांगितलं, आणि तिने विषय काढताच "गिऱ्हाईक इला" म्हणून उठला. मितेशच्या बाबतीत तिला काही टोचत नाही. ओमकारच्या बाबतीत टोचतं. पण माफ कर असं ती त्याला म्हणाली नाही, कारण जत्रेच्या दिवशी हातात पुठ्ठा घेऊन चपलांकडे बघणारा तो तिला अजून दिसतो.

मितेश बुडाला नाही. केबिनी आणि खांब विकून तो मोकळा झाला. जॉयसीच्याच कंपनीने ते घेतले आणि सांभाळायला तिच्याकडे दिले. मसुऱ्याच्या केबिनीला तिने आधी खिडकी पाडली. मितेशने तारकर्लीत होमस्टे बांधला. छान चालतो म्हणतात, फक्त पाहुणे नेटबद्दल कुरकुरतात, तिथे मोबाईलला रेंज धड मिळत नाही. परवा त्याने जोडणीसाठी बाबलीला मध्ये घातलं. जॉयसी पडद्यासमोर बसली होती, सगळे आकडे हिरवे.

"त्या बाजूक आमची लाईन नाय," ती म्हणाली.

"असा काय सांगतस? वायर तेच्या गेटावरसून गेली हा," बाबली म्हणाला. "मी बघलंय."

"गेली हा," जॉयसी इतक्या हळू म्हणाली की बाबलीला पुढे वाकावं लागलं. "थय थांबना नाय."